वर्गाला आठ नावं हवीत

आधीच माफी मागतो. मी आठवीत शाळा सोडली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि शब्दही साधेच सापडतील. कुणाकडून तरी तपासून घ्यावं असं मनात होतं, पण आमच्याकडे तपासणार कोण? फादर इनास वसईचे, सिस्टर लिसी केरळच्या. फादरांनी पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "दत्ता, चुका राहू दे. त्या काढल्या तर तू लिहिलंयस असं वाटणार नाही."

महाडहून वरंधकडे जाणाऱ्या रस्त्यावर चर्चने चालवलेलं आमचं केंद्र आहे. तीन खोल्यांची कौलारू इमारत. पहिल्या खोलीत पूर्वी चौथीपर्यंतची शाळा भरायची. दुसरीत सिस्टरांचा शिवणवर्ग. तिसरीत वायरिंग आणि मोटर रिवाइंडिंगचा वर्ग, तो मी घेतो. वाडीत मला "लायटीचा मास्तर" म्हणतात. काही जण प्रेमानं म्हणतात.

वर्गात एक खोका आहे. कापलेल्या वायरींचे तुकडे आम्ही त्यात टाकतो, पुढे कुठं तरी लागतील म्हणून. लागत कधीच नाहीत, खोका मात्र भरत जातो. इथले किस्सेही असेच साठलेत. चहाला बसलं की कुणी तरी एक काढतो, मग दुसरा निघतो. मी बोलत नाही, ऐकतो. आता लिहितोय, कारण यंदाच्या एप्रिलमध्ये चर्चच्या मुख्य ऑफिसातून पत्र आलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वायरिंगला आठ विद्यार्थी हवेत, नाही तर वर्ग बंद करून सामान दुसऱ्या केंद्राला द्यायचं.

वर्ग बंद म्हणजे मीही घाटकोपरला मामाकडे. त्यानं एका बिल्डिंगच्या साइटवर माझ्यासाठी काम बघून ठेवलं होतं. घरात मी आणि आई, दोघंच. म्हणजे मग आई एकटीच.

* * *

मला केंद्रात आईनंच आणलं. आठवी सोडून वर्ष झालं होतं. शाळेत सर उभं करून प्रश्न विचारायचे आणि उत्तर येत असूनही माझा आवाज फुटायचा नाही. पोरं हसायची. एक दिवस मी जायचा बंद झालो. एवढंच. दारूबिरू, भांडणबिंडण काही नाही.

आईनं मला फादरांसमोर उभं केलं आणि म्हणाली, "ह्याला बोलता येत नाय फादर. पण हाताचा चांगला हाय."

फादरांनी मला वरून खाली पाहिलं. टेबलावर एक बंद पडलेला पंखा होता, तो माझ्याकडे सरकवला. मी तो उघडला. तासाभरानं तो फिरला. तेवढ्या वेळात मी एक शब्द बोललो नाही आणि फादरांनीही मला काही विचारलं नाही.

आई निघताना त्यांना म्हणाली, "मग ठेवताय ना?"

"ठेवतो की," फादर म्हणाले. "वायरशी बोलावं लागत नाही."

* * *

सिस्टर लिसी इथं आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. शिवणवर्गाला वाडीतल्या बायका यायच्या, त्यांच्याकडून त्या शिकल्या. त्यामुळे त्यांची मराठी चांगली आहे, पण सगळी म्हाताऱ्या बायकांची आहे.

शाळा चालू होती तेव्हा एकदा तालुक्याचे साहेब पट बघायला आले. चौथीपर्यंत मिळून नऊ मुलं. साहेब दारात उभे राहून रजिस्टर चाळत होते. सिस्टर आतून पदराला हात पुसावेत तशा झग्याला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय रे मेल्या, उन्हात काय उभा? जेवलास काय?"

फादरांनी डोळे मिटले. मी भिंतीकडे बघत राहिलो.

साहेबांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "माझी आई अशीच बोलायची. पोलादपूरकडचे आम्ही." त्यांनी बूट काढले, आत येऊन बसले. तांदळाची भाकरी, सुकट, वर कोकमाची कढी. दोनदा कढी मागून घेतली. आईच्या खूप गोष्टी सांगितल्या. जाताना सिस्टरांना वाकून नमस्कार केला. सिस्टर गोंधळल्या, त्यांनी साहेबांना उलटा नमस्कार केला.

मग साहेबांनी जीपमध्ये बसून रजिस्टरवर शेरा लिहिला: पटसंख्या अपुरी. पुढच्या जूनला शाळा उघडली नाही.

सिस्टर अजून म्हणतात, "जेवण मात्र त्यानं पोटभर घेतलं गो."

* * *

आमच्या वर्गाचे चांगले दिवस आले ते महाडात महापूर आला त्या वर्षी. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. पाणी ओसरलं आणि टेम्पो भरभरून मोटरी, मिक्सर, पंप, पंखे आमच्या दारात येऊन पडले. सगळ्यांत चिखल. बाजारपेठेतले दुकानदार स्वतः सोडायला यायचे. वर्गात अकरा पोरं होती. सकाळी चिखल धुवायचा, दुपारी कॉइल काढायची, संध्याकाळी नवीन भरायची. कुठल्याही कोर्समध्ये शिकली नसती एवढं ती सहा महिन्यांत शिकली.

सर्टिफिकेट देताना फादरांनी भाषण केलं. ते भाषण कधी करत नाहीत. म्हणाले, "आता आपल्या वाड्यांमध्ये अंधार राहणार नाही. बिघडलं तर दुरुस्त करणारी आपली पोरं गावात आहेत."

पोरांनी सर्टिफिकेट हातात धरून फोटो काढले आणि मुंबईला पाठवले. आठवड्याभरात अकराच्या अकरा पोरांना तिकडून बोलावणं आलं. पुढच्या वर्षीच्या गणपतीच्या आत वर्ग रिकामा.

त्याच गणपतीनंतर आमच्या वाडीच्या देवळातली लाइट गेली. कट-आउटमधली फ्यूजची तार जळली होती, दोन मिनिटांचं काम. मी त्या दिवशी पोलादपूरला सामान आणायला गेलो होतो. देवळाशेजारी पार्वती आजी राहते. तिचा नातू संदेश त्या अकरातला, सगळ्यांत हुशार. तिनं त्याला मुंबईला फोन लावला. संदेशनं व्हिडिओ कॉल केला आणि तिकडून शिकवायला लागला, अगदी मी शिकवतो तसंच.

"आजी, आधी मेन स्विच खाली कर."

"केला."

"आता पायात चप्पल घाल. रबरी."

आजीनं पायांकडे बघितलं.

"घातलीस?"

"देवळात चप्पल घालू काय रे मी?"

"आजी, शॉक लागंल."

"लागू दे. लायटीला कळत नाय, पण देवाला कळतं ना."

संदेशनं बिचाऱ्यानं मग एक एक करून दहाही पोरांना कॉन्फरन्सवर घेतलं. कुणी म्हणे पाटावर उभी राहा, कुणी म्हणे गोणपाट टाक. एकानं विचारलं, गाभाऱ्यात नको, पण सभामंडपात चप्पल चालते का? त्यावर त्यांच्या त्यांच्यात वाद झाला. वाडीतली लाइट लावणारी अकरा पोरं फोनवर आणि देव अंधारात.

संध्याकाळी मी आलो आणि पाटावर उभा राहून तार घातली. आजी म्हणाली, "हे मला फोनमधल्यानं पयल्यांदा सांगितलं असतं तर?"

"सांगितलं होतं की," मी म्हणालो.

"अकरा जण एकदम सांगतात, कुणाचं ऐकू?"

* * *

पत्र आल्यावर फादर म्हणाले, मे महिन्यात मुंबईकर येतील, तेव्हा बैठकीत विषय मांडू.

हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या वाडीत राहतात म्हातारी माणसं आणि वाडीचे निर्णय होतात मुंबईत. प्रत्येक वाडीचं तिकडे एक मंडळ असतं, त्याची एक खोली असते, गावाहून गेलेला पोरगा पहिले त्या खोलीत उतरतो. देवळाला रंग कुठला, विहिरीचा कठडा केव्हा, पालखी कुणाच्या दारात आधी, सगळं तिथं ठरतं. इथं फक्त कळवतात. मंडळाचे सेक्रेटरी रामचंद्रभाऊ. मुंबईत एका कंपनीत सुपरवायझर होते, आता रिटायर. वाडीत मे महिन्यात आठ दिवस असतात, ते आठही दिवस शर्ट इन करून.

बैठक देवळात बसली. फादर आणि मी पायऱ्यांवर. फादरांनी सांगितलं, आठ नावं हवीत, मुलगे-मुली कुणीही चालेल, दहावी नापास चालेल.

मागून एकानं विचारलं, "तिथं पोरांना काय बोलायला लावतात?"

विचारणारा बोरिवलीचा होता, नवीन होता. सगळ्यांना कळलं त्याला काय म्हणायचंय ते. फादर काही बोलायच्या आधी खांबाला टेकून बसलेले गोविंदतात्या बोलले. तात्या ऐंशीचे असतील.

"अरे, हा माणूस वीस वरसं झाली इथं हाय. एक माणूस बाटवला नाय त्यानं. त्याला ते काम जमतच नाय."

सगळ्यात मोठ्यानं फादर हसले.

हसणं संपल्यावर रामचंद्रभाऊ उभे राहिले. "अ‍ॅक्च्युअली फादर, तुमच्या क्लासबद्दल आमची काय कंप्लेंट नाय. उलट अभिमान हाय. आपली अकरा पोरं आज मुंबईत सेट हायत ती तुमच्यामुळे. पण तुमीच बघा, वाडीत पोरं हायत कुठं? सगळी तिकडं. मग तुमी क्लास तिकडंच का नाय खोलत? रूम आपण देऊ मंडळाची. संडे टू संडे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगली सूचना होती. ठराव झाला, टाळ्या झाल्या.

उतरताना फादर मला म्हणाले, "दत्ता, आज आपल्या बाजूनं एकमतानं ठराव झाला."

* * *

तरी मेअखेर आमच्याकडे पाच नावं होती. नाते गावचे दोघे भाऊ, महाडला एसटी बदलून यायला तयार होते. वरंधचा एक. आमच्या वाडीतला गणेश. आणि सुषमा.

सुषमा खरं तर सिस्टरांच्या शिवणवर्गात होती. तिचा बाप मुंबईला. त्यानं फोनवर सांगितलं होतं की शिवण चालेल, वायरिंग नको. पोरगी शिडीवर चढल्यावर खाली कोण उभं राहणार, असं त्याचं म्हणणं. सुषमाने त्यावर उपाय काढला. शिवणयंत्राची मोटर बिघडली की दुरुस्त करायला माझ्या वर्गात घेऊन यायची. मोटर आठवड्यातून तीनदा बिघडायची. मला आधी वाटलं मोटर जुनी झालीय. मी नवीन कार्बन ब्रश घातले, नवीन कॉइल भरली, तरी बिघडायची.

एकदा मी सिस्टरांना विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "तू हुशार हायस रे, पण तसा हुशार नायस."

नंतर तिनं मशीन आणणं सोडलं आणि सरळ येऊन बसायला लागली. नाव लिहायला तिनंच सांगितलं. बापाला मी समजावीन, म्हणाली. बोर्डची जोडणी तिच्याइतकी नेटकी माझीही होत नाही. एक वायर वाकडी दिसली तर पूर्ण खोलून परत लावायची. मी तिला माझा टेस्टर वापरायला दिला होता.

मेच्या शेवटी तिला बघायला पाहुणे आले, नालासोपाऱ्याचे. हे सगळं मला सिस्टरांनी सांगितलं, त्या तिथं होत्या. कांदेपोहे झाले. मुलाच्या आईनं विचारलं, शिवण येतं का? सुषमाची आई म्हणाली, सगळं येतं, ब्लाउज, फ्रॉक, गोधडी. तेवढ्यात घरातली लाइट गेली. शेजारी चालू, तुमचीच गेली, असं कुणी तरी बाहेरून ओरडलं. सगळे बसलेत, पंखा बंद, पाहुणे घामानं भिजलेले. सुषमा साडीत उठली, स्टुलावर चढली, कमरेचा टेस्टर काढला, बोर्ड उघडला, निसटलेली वायर पिळून बसवली आणि खाली उतरून परत मान खाली घालून पाटावर बसली.

तिच्या आईनं कपाळाला हात लावला. झालं, मोडलं लग्न.

मुलाच्या बापानं घसा साफ केला. म्हणाला, "आम्हाला मुलगी पसंत आहे. आमच्या नवीन दुकानाचं फिटिंग राहिलंय."

जूनच्या पहिल्या आठवड्यात लग्न लागलं. वीर स्टेशनला रिक्षानं सोडायला अर्धी वाडी गेली. मी वर्गात होतो. यादीतलं तिचं नाव मी खोडलं. पट्टी लावून सरळ रेघ मारली.

टेस्टर मी परत मागितला नाही.

* * *

जूनमध्ये फादर आणि मी नावं मिळवायला वाड्या-वाड्यांवर फिरलो. फादरांचे गुडघे दुखतात, म्हणून चढणीच्या वाड्या माझ्या वाट्याला. मला लोकांशी बोलायचं कठीण जातं, पण इलाज नव्हता. घरून निघताना मी वाक्य पाठ करून निघायचो: आमच्या केंद्रात मोफत प्रशिक्षण आहे, आपल्या घरात कुणी असेल तर कळवा.

सगळ्यात वरच्या वाडीला चढून गेलो. चौदा घरं. पहिल्या दाराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप. पाचव्या घराच्या ओटीवर एक बाई तांदूळ निवडत होती. मी वाक्य म्हणून टाकलं.

बाई म्हणाली, "परत सांग. घाईत बोललास."

मी परत म्हणालो.

तिनं कमरेचा जुडगा काढून सुपात ठेवला. दहा-बारा किल्ल्या. "ही वरच्या घराची. ही बाजूची. ही पोरं बदलापूरला. ही सुरतला. ह्या घरातली म्हातारी गेली, पण किल्ली मुलगा माझ्याकडंच ठेवून गेला. पावसाआधी सगळ्यांची कौलं मीच बघतो कुणाला तरी सांगून." मग म्हणाली, "एवढीच हायत घरात. तुला ह्यातलं काय चालेल ते बघ."

मला पुढचं वाक्य पाठ नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "मिक्सर बंद पडलाय, बघतोस काय?"

मिक्सर केला. मग तिनं एकेक घर उघडून दाखवलं आणि कुठं पंखा, कुठं बोर्ड, कुठं होल्डर असं मी संध्याकाळपर्यंत करत बसलो. माणसं नसलेल्या घरांत पंखे फिरवून बघितले. सगळे फिरले.

खाली आलो तेव्हा फादर व्हरांड्यात वाट बघत होते. "नाव मिळालं?"

"नाय. कोकमं मिळाली."

फादरांनी पिशवी हातात घेऊन वास घेतला. "चांगली आहेत," म्हणाले.

त्याच आठवड्यात गणेशला महाडच्या एमआयडीसीत कंत्राटदाराकडे काम लागलं. तो स्वतः सांगायला आला, पेढे घेऊन. यादीत राहिली तीन नावं.

* * *

आता शेवटचा किस्सा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी ऑफिसचे फादर मोजायला येणार होते. आदल्या संध्याकाळी मी आईला सांगितलं, "उद्या ते येतील. तीनच नावं हायत. सोमवारी मी मामाकडं जातो."

आई भाकरी थापत होती. "बरं," म्हणाली. भाकरी उलटली.

शुक्रवारी ऑफिसचे फादर नऊला आले. वयानं तरुण, माणूस चांगला. दाराबाहेर बूट काढून आत आले, वर्गातले बोर्ड हात लावून बघितले, हे कुणी केलं ते विचारलं. नाते गावचे दोघे आणि वरंधचा एक, इस्त्रीचे शर्ट घालून पहिल्या बाकावर बसले होते. पाठीमागे चार बाक रिकामे. फादर इनासांनी काही लपवलं नाही. "तीन आहेत," म्हणाले. तरुण फादरांनी टॅब काढला.

तेवढ्यात दारात पार्वती आजी उभी राहिली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, साडी वर खोचलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. भाताच्या लावणीतून सरळ आली होती. तिनं दाराबाहेरच्या बादलीतलं पाणी पायावर ओतलं आणि आत येऊन दुसऱ्या बाकावर बसली. तिच्या मागून आणखी चौघी आल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या, एक सोडून. ती शेवटची माझी आई. ती अगदी मागच्या बाकावर जाऊन बसली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

फादर इनास म्हणाले, "आजी, काय काम काढलंत?"

"शिकायला आलो. तीन आणि पाच, आठ झालं की नाय?"

"आजी, खोटी नावं मला लिहिता येणार नाहीत."

"खोटी कशी? माझं नाव पार्वती. वीस वरसं झाली, तुमाला अजून म्हाईत नाय?"

सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसू दे रे त्यांना."

तरुण फादर कसनुसं हसले. "बसा आजी. विचारायला काय हरकत आहे?" त्यांनी टॅब समोर धरला. "शिक्षण?"

"एक दिवस. मास्तरानं छडी मारली, मग नाय गेलो."

"प्रशिक्षण झाल्यावर काय करणार?"

"घरी जाईन. लावणी खोळंबलीय."

नाते गावच्या दोघांतला धाकटा हसायला लागला, थोरल्यानं त्याला कोपर मारलं. तरुण फादरांनी जन्मवर्ष विचारलं. आजीनं कनवटीची प्लास्टिकची पिशवी सोडली आणि आधार कार्ड पुढं केलं. त्यांनी आकडे टाकले. टॅबवर लाल अक्षरं आली. त्यांनी पुसून परत टाकले. परत लाल. मग त्यांनी टॅब मांडीवर ठेवला.

"आजी, हे घेत नाही."

"का?"

"वय पस्तीसच्या आत लागतं."

"किती?"

"पस्तीस."

आजीनं वळून मागच्या चौघींकडे बघितलं. एकेकीकडे, नीट. मग परत पुढे वळली.

"पस्तिशीच्या आतलं माणूस ह्या वाडीत तुमीच एखादं शोधून आणा फादर. आमी पण बघायला येतो."

सगळे हसले. सिस्टर हसल्या, तिन्ही पोरं हसली, तरुण फादरही तोंडावर हात धरून हसले. फादर इनास हसता हसता चष्मा पुसायला लागले.

मागच्या बाकावरून आई म्हणाली, "हाय की एक."

ती मोठ्यानं बोलत नाही, माझ्यासारखीच. तरी सगळ्यांना ऐकू गेलं. तिनं मान वर केली नव्हती. बोटावरचा वाळलेला चिखल खरवडत होती.

"सोमवारी तो पण चाललाय."

हसणं थांबलं. तरुण फादरांनी आईकडे बघितलं, मग पार्वती आजीकडे.

"कोण?" त्यांनी विचारलं.

पहिल्या बाकावरची तिन्ही पोरं माझ्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गाकडे गेलो नाही. आईच्या आधी उठलो, रोपांच्या मुठी बांधून शेतात नेऊन टाकल्या आणि तिच्या शेजारच्या ओळीत लावणीला उतरलो. मामाचा फोन दोनदा वाजला. बांधावरच्या पिशवीत होता, वाजू दिला.